रिकाम्या बाटलीतलं औषध

१

गवंडी गेला त्या सकाळी वॉर्डात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, एक डॉक्टर सोडून. छातीच्या हट्टी रोगाचा तो वॉर्ड. नेहमीच्या औषधांना हा रोग भीक घालत नसे. तिथून कुणी स्वतःच्या पायांनी घरी गेला तर त्याची बातमी होई, आडवा गेला तर होत नसे.

डॉक्टरांनी राजधानीतल्या कचेरीला फोन लावला आणि विचारलं, "गवंड्याची बाटली कुठली होती?"

पलीकडून उत्तर आलं, "भरलेली."

डॉक्टर परत खाटेशी आले. गवंड्याच्या डब्यातून त्याची बाटली काढली, एक कॅप्सूल दोन बोटांत धरून उघडली आणि आतली पूड कागदावर ओतली. ती विटेसारखी लाल असायला हवी होती. ती फिक्कट गुलाबी होती.

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. औषध नवं नव्हतं. कातडीवरच्या चट्ट्यांच्या रोगावर ते दोन पिढ्या देत आले होते. त्याच्यावरचा कुणाचाही हक्क कधीच संपला होता, आणि ज्यात कुणाला कमाई नाही त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. डॉक्टरांना मात्र वाटत होतं की हेच औषध छातीच्या या रोगावर चालेल. नव्या औषधाला घर विकावं लागतं, आणि वॉर्डातल्या बहुतेकांना विकायला घरच नव्हतं. तेव्हा आहे त्यातूनच काही निघतं का बघावं, असा त्यांचा खटाटोप होता.

पण वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. म्हणून नेहमीची औषधं सगळ्यांना चालू ठेवून, वॉर्डातल्या निम्म्या रोग्यांना या औषधाची कॅप्सूल आणि निम्म्यांना नुसत्या पिठाची, अशी वाटणी झाली. आतली पूड एकीत लाल, दुसरीत पांढरीशुभ्र. बाहेरून दोन्ही सारख्याच तपकिरी, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. कुणाला कुठली बाटली ते डॉक्टरांना माहीत नाही, सिस्टरना नाही, रोग्याला तर नाहीच. ते फक्त राजधानीला माहीत, आणि माणूस मेल्याशिवाय राजधानी तोंड उघडत नसे.

आता भरलेल्या बाटलीत निम्मं पीठ निघालं होतं. संध्याकाळच्या आत पोलिसांनी कंपाउंडरला धरून नेलं. कॅप्सूल तोच भरायचा, मग भेसळ आणखी कोण करणार, असा त्यांचा सरळ हिशेब. राजधानीहून निरोप आला की आठवड्याभरात खरं काय ते कळलं नाही तर हा प्रयोग बंद. औषधाचे डबे परत जातील आणि उरलेली दहा माणसं होती तशी खोकत राहतील.

चौकशीला औषध खात्यातल्या निरीक्षकबाईंना पाठवलं. खात्यात त्यांना मागून चिमटाबाई म्हणत. त्यांच्या पर्समध्ये कायम एक चिमटा असे, आणि तो विसरला तरी बोलण्यातून त्यांचं काम भागत असे.

२

कंपाउंडर कोठडीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बाईंनी स्टूल ओढून घेतलं.

"विकलंत कुणाला?" त्यांनी विचारलं.

"कोण घेणार बाई ते?" तो म्हणाला. "बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. चोरायचं तर माझ्याच कपाटात त्याच्या शंभरपट किमतीची औषधं पडलीयत."

"मग पीठ कुणी मिसळलं?"

"मी भरतो तेव्हा लाल ते लाल, पांढरं ते पांढरं. राजधानीचा माणूस येतो, बाटल्यांत घालतो, नंबर टाकतो, सील करतो. सील वॉर्डात सिस्टर फोडतात. मधे माझा हात नाही."

"हात दाखवा," बाई म्हणाल्या.

त्यानं हात पुढे केले. आंगठ्याची आणि पहिल्या बोटाची नखं कडेनं लालसर झाली होती.

"ही लाल पूड लई चिवट," तो म्हणाला. "नखात बसली की आठवडाभर निघत नाही. घासून घासून बोट झिजतं, पण रंग जात नाही. बायको म्हणते, नटताय कुणासाठी?" तो हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.

बाईंनी त्याच्या कपाटातल्या, अजून बाटलीत न गेलेल्या कॅप्सूल मागवून स्वतः उघडून पाहिल्या होत्या. लाल त्या लालच होत्या. म्हणजे पाणी मुरत होतं ते पुढे कुठेतरी, सील फोडल्यानंतर. पोलिसांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "चोर सापडला की सोडू याला." तोवर सुक्याबरोबर ओलंही जळत राहणार होतं.

३

वॉर्ड लांबट होता. दोन्ही बाजूंना खाटा, मधे एक मोठं टेबल. बाई शिरल्या तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी तिथे जे पाहिलं ते त्यांना आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्याचा संशय आला नाही.

कुणाच्या घरून भात आला होता, कुणाच्या घरून उकडलेली अंडी, कुणाकडून दोन केळी, आणि तिघांच्या घरून काहीच नाही. सगळं मधल्या टेबलावरच्या एका मोठ्या पातेल्यात आणि ताटात जमा होत होतं. टेबलाशी उभा असलेला म्हातारा वीटभट्टीवरचा मुकादम होता. वॉर्डात सगळ्यात जुना तोच, त्यामुळे इथलीही मुकादमी त्याच्याकडे आपसूक आली होती. वाढत होती त्याची लेक. गवंडी तिचा नवरा. त्याला मातीआड करून चार दिवस झाले नव्हते, पण ती बापासाठी आली होती आणि एकाच वाटीनं मापून सगळ्यांच्या ताटात सारखं घालत होती.

"बाई, बसा," मुकादम म्हणाला. "वॉर्डात आला तो वाटेकरी. इथला कायदा आहे."

"कुणी केला कायदा?"

"भट्टीवरचा आहे. तिथं एकानं खायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, असं केलं की संध्याकाळी विटा डोक्यात पडतात." त्यानं बाईंना पाण्याचा पेला दिला. हात इतका कापत होता की निम्मं पाणी बाईंच्या साडीवर सांडलं. "वय," तो म्हणाला. "आणि हा खोकला."

बाईंच्या ताटात अर्धं अंडं आणि केळ्याचा एक तुकडा पडला. बाकीच्यांच्याही ताटात तेवढंच होतं.

खाटांवरच्या उशांचे अभ्रे सगळे गडद तपकिरी होते. दवाखान्यात असला रंग बाईंनी कधी पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"माझाच हुकूम," डॉक्टर म्हणाले. अंगानं काटकुळे, डोळ्यांखाली काळं आलेलं. "हे औषध घामातून रंग सोडतं. पांढरी उशी असती तर कुणाला औषध मिळतंय ते लगेच दिसलं असतं. मला ते बघायचं नव्हतं. कळलं असतं तर माझा हात एकाकडे झुकला असता."

"रोग्यांना हे सगळं सांगितलंत? निम्म्यांना पीठ मिळणार म्हणून?"

"एकेकाला बसवून सांगितलं. खोटं बोलून मला हे करायचं नव्हतं."

"मग काय म्हणाले ते?"

डॉक्टर जरा गोंधळले. "काहीच नाही. सह्या केल्या, आंगठे दिले. मला वाटलं, समजलं त्यांना."

समजलं होतं, अगदी नीट समजलं होतं. पण हे बाईंना कळायला अजून वेळ होता.

४

औषध बुडावं असं वाटणारा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तो दवाखान्याच्या फाटकाशीच गाडी लावून उभा असे. वॉर्डात त्याला सगळे कोटवाला म्हणत. त्या घर विकायला लावणाऱ्या नव्या औषधाचा तो विक्रेता.

"जुनं औषध चाललं असतं तर तुमची गाडी गेली असती," बाईंनी चिमटा काढला.

"बाई, मी कशाला हात घाण करू?" तो शांतपणे म्हणाला. "जुन्या औषधाला मारावं लागत नाही. त्याला आई नाही, बाप नाही. सरकार एक वर्ष पैसे देतं, दुसऱ्या वर्षी विसरतं. मी नुसता उभा राहिलो तरी ते मरतं."

बाईंना त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. शिवाय वॉर्डाच्या दाराशी पहारा होता आणि तो आत कधी गेलाच नव्हता.

मग उरल्या सिस्टर. रोज सकाळी त्या प्रत्येकाच्या हातावर त्याच्या बाटलीतली कॅप्सूल ठेवत, गिळेपर्यंत समोर उभ्या राहत, तोंड उघडायला लावून जिभेखाली बघत. बाटल्या रोग्यांच्या उशाशी डब्यात असत, पण रोजची मोजणी बरोबर येई. म्हणजे औषध गिळलं जात होतं आणि तरीही गवंड्याच्या रक्तात ते पुरेसं पोचलं नव्हतं.

सिस्टर बोलायला तिखट होत्या. "मला काय विचारता? त्या मुकादमाच्या पोरीला विचारा. नवरा जाऊन चार दिवस नाहीत आणि नखं रंगवून हिंडतेय. माणसाला काही वाटायला हवं."

बाईंनी ते ऐकलं आणि मनात बाजूला ठेवलं. त्यांना तेव्हा दुसरंच काही सापडलं होतं. सिस्टरच्या धाकट्या भावाला हाच रोग होता. प्रयोगाच्या खाटा भरल्या म्हणून त्याला परत पाठवलं होतं. तो घरी, सिस्टरच्याच खोलीत, पडून होता.

"तुम्ही भावासाठी औषध काढत होतात," बाई म्हणाल्या.

सिस्टरनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चला घरी."

५

खोली एवढीशी होती. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपला होता. अंगावर मांस असं नव्हतंच. सिस्टरनी त्याचं डोकं हळूच उचललं आणि उशी बाहेर ओढली. अभ्रा पांढरा होता. घामानं ओला होता, पण पांढरा.

"रोज विचार केला," सिस्टर म्हणाल्या. "रोज सकाळी बाटली हातात घ्यायची आणि याचा चेहरा समोर यायचा. घेतलं असतं तर ही उशी लाल झाली असती. मी नाही घेतलं. आता वाटतं, घ्यायला हवं होतं."

बाईंनी उशी हातात घेऊन उजेडात धरली. त्यांची पहिली नेमणूक चट्ट्यांच्या रोग्यांच्या दवाखान्यात होती. तिथल्या उशा त्यांना आठवत होत्या, विटेसारख्या लाल झालेल्या, धुऊनही न निघणाऱ्या. या उशीवर तसलं काही नव्हतं. सिस्टर खरं बोलत होत्या.

परत आल्यावर बाई कंपाउंडरच्या खोलीत एकट्याच बसल्या. कपाटात गवंड्याआधी गेलेल्या माणसाची बाटली नियमाप्रमाणे ठेवलेली होती. तो शिंपी होता. त्याची बाटली राजधानीनं केव्हाच सांगून टाकली होती: रिकामी, म्हणजे नुसत्या पिठाची. म्हणून ती कुणी उघडून पाहिली नव्हती. पिठात काय बघायचं?

बाईंना मात्र आईनं लावलेली सवय होती, रिकाम्या भांड्यातही बोट फिरवून बघायची. त्यांनी पर्समधून चिमटा काढला, शिंप्याची एक कॅप्सूल धरली आणि उघडली.

आतली पूड गुलाबी होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी डॉक्टरांना आणि सिस्टरना वॉर्डाच्या दाराशी बोलावलं. उकाड्यानं सगळे घामेजले होते.

"चोर भरल्या घरातून नेतो," बाई म्हणाल्या. "पण रिकाम्या घरात कुणी धन ठेवून जातो का? गवंड्याच्या भरलेल्या कॅप्सूलमधलं निम्मं औषध गेलं. शिंप्याच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये निम्मं औषध आलं. विकणारा असं करत नाही. औषध बुडवायला निघालेलाही करत नाही, तो नुसतं फेकून देईल. असं कोण करतो?"

बाईंनी कापसाचे बोळे काढले आणि खाटेखाटेशी जाऊन प्रत्येकाच्या कपाळावरचा घाम टिपला. मग ते सगळे बोळे एका पांढऱ्या ताटात ओळीनं मांडले.

निम्मे पांढरे निघायला हवे होते. एकही पांढरा नव्हता. सगळे गुलाबी, आणि सगळे सारखेच फिके.

डॉक्टर ताटावर वाकले. "सगळेच घेतायत," ते म्हणाले. "सगळेच अर्धं घेतायत." मग त्यांचा आवाज चढला. "अर्ध्या मात्रेनं हा रोग मरत नाही. उलट अंगवळणी पडतं त्याला औषध. दोन वर्षं मी बघतोय की सगळे सारखेच खोकतायत, आणि मला वाटत होतं की औषधच निकामी आहे."

बाई मधल्या टेबलाकडे बघत होत्या. टेबलावर पातेलं पालथं घालून ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर ती वाटी. एवढे दिवस त्या साप साप म्हणून भुई धोपटत होत्या, आणि ज्या टेबलावर वाटणी चाले त्याच टेबलाशी बसून अर्धं अंडं खाऊन गेल्या होत्या.

"मुकादम," त्यांनी हाक मारली. "जरा व्हरांड्यात या."

७

मुकादमानं काही लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं वाटतच नव्हतं.

"डॉक्टर देवमाणूस आहेत," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना पीठ. का, ते पण सांगितलं. शिकलेल्या माणसांचं काहीतरी असेल. पण बाई, एका छपराखाली बारा माणसं, आणि सहाजणांनी पीठ खाऊन मरायचं? शेजारच्या खाटेवरचा मरतोय आणि माझ्या बाटलीत औषध आहे, हे घेऊन झोप कशी लागायची? आम्ही बसलो, बोललो, सगळे हो म्हणाले. नवीन बाटल्या आल्या की सगळी पूड एकत्र करायची आणि परत भरायची. मोजणी चुकत नाही, सिस्टरना त्रास नाही. साधं जुनं औषध, थोडं कमी गेलं तर उशिरा बरं वाटेल, एवढंच."

"उघडायचं-भरायचं कोण?"

"मीच."

बाईंनी त्याच्या तळहातावर एक कॅप्सूल ठेवली. "उघडून परत बंद करून दाखवा."

त्यानं दोन्ही हातांनी धरली. बोटं थरथरत होती. कॅप्सूल चेपली, निसटली, फरशीवर पडली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुमची नखं स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "कंपाउंडरची लाल आहेत. आणि तुमच्या लेकीची लाल आहेत. ते नटणं नव्हे."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "तिचं नाव नका घेऊ. मी दाराशी उभा राहायचो, ती पडद्याआड बसायची. सिस्टर जेवायला गेल्या की. मीच सांगितलं म्हणून केलं तिनं." मग तो थांबला. विचारावं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बाई, जावयाची बाटली कुठली होती?"

बाईंनी तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळांना कडू सांगितलं होतं, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं. तरी सांगणं भाग होतं. वॉर्डाचा विश्वास या एकाच माणसावर होता. त्यानं थांबवलं नाही तर नव्या बाटल्याही पातेल्यात जाणार होत्या.

"भरलेली होती," त्या म्हणाल्या. "त्यानं पूर्ण घेतली असती तर कदाचित वाचला असता. अर्ध्यानं कुणीच वाचत नाही. बाकीच्यांना हे तुम्हीच सांगायचंय, मुकादम. माझं ऐकणार नाहीत ते."

मुकादम भिंतीला धरून खाली बसला. खूप वेळ खोकला. मग म्हणाला, "सांगतो. पण लेकीला त्याची बाटली कळू देऊ नका. पोरगी मरेल."

८

त्यानं मधल्या टेबलाला धरून उभं राहून सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं. "आपण अर्धं अर्धं खाल्लं. अर्ध्यानं रोग मरत नाही, माणूस मरतो. चूक माझी. इथून पुढं ज्याचं त्यानं गिळायचं."

लेक पातेलं घेऊन दाराशीच उभी होती. ती कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या रोग्यानं विचारलं, "म्हणजे गवंड्याची बाटली भरलेली होती की काय?"

मुकादम फरशीकडे बघत राहिला. बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी लेक पुढे आली.

लेकीनं पातेलं टेबलावर ठेवलं. "त्यांची लाल होती," ती म्हणाली.

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि आपल्या हुशारीची त्यांना शरम वाटली. पूड एक लाल, एक पांढरी. बाहेरून सारखी, पण उघडणाऱ्याला आतलं दिसणारच. राजधानीनं कुलूपबंद ठेवलेलं, डॉक्टरांनी डोळे मिटून टाळलेलं, ते सगळं या पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बारापैकी प्रत्येकाची बाटली तिनं स्वतः उघडली होती.

"पहिल्याच दिवशी दिसलं," ती म्हणाली. ती बापाकडे बघत होती, बाकी कुणाकडे नाही. "त्यांची लाल. तुमची पांढरी, बाबा. हातात दोन्ही कॅप्सूल होत्या. वाटलं, मिसळूच नये. त्यांची त्यांना द्यावी."

"मग दिली का नाहीस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुम्ही मेला असता." ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, माझं सोड, त्याचं त्याला दे. त्यांना विचारलं असतं तर... त्यांना मी विचारलंच नाही. नाही म्हणाले असते तर मी त्यांचं तोंड पाहू शकले नसते. आणि हो म्हणाले असते तर आज मला हे सोसलं नसतं. म्हणून सगळ्यांचं मिसळून टाकलं. मिसळलं की कुणाचं कुठलं ते राहत नाही ना. मला वाटलं, सगळेच हळूहळू बरे होतील."

डॉक्टर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आपण खरं सांगितलं, याचा त्यांना इतके दिवस अभिमान होता. ऐकणारी माणसं त्या खऱ्याचं काय करतील, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता ते त्यांना रडवत होतं.

बाईंनी अहवालात लिहिलं की रोग्यांनी औषध आपसांत वाटून घेतलं. नावं घातली नाहीत. वाटून खाण्याला कायद्यात कलम नाही, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं, आणि कंपाउंडर त्याच दिवशी सुटला. प्रयोग रद्दच झाला. जुनं औषध या रोगावर चालतं की नाही, हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. आता कुणीतरी, कुठेतरी, पहिल्यापासून सुरुवात करायची, तीही पैसे मिळाले तर. उरलेले औषधाचे डबे परत नेण्याचा खर्च जास्त होता, म्हणून राजधानीनं ते डॉक्टरांनाच ठेवून घ्यायला सांगितले. डॉक्टरांनी दहाही जणांना पूर्ण औषध सुरू केलं. अकरावा म्हणून सिस्टरच्या भावाला गवंड्याच्या खाटेवर आणलं. दोन वर्षं अर्धा मार खाऊन सरावलेला रोग आता पुऱ्या माराला बधेल का, असं बाईंनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "माहीत नाही."

नव्या बाटल्या आल्या त्या सकाळी बाई निरोप घ्यायला वॉर्डात गेल्या. सिस्टर एकेकाच्या हातावर कॅप्सूल ठेवत होत्या. मुकादमानं ती घेतली आणि तशीच धरून बसला. त्याला ती पूर्ण मिळाली होती, पहिल्यांदाच, आणि इतके दिवस आपण कुणाच्या वाट्याचं गिळत होतो हे आता त्याला माहीत होतं.

लेक खाटेशी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. नखांवरचा लाल अजून गेला नव्हता.

"गिळा, बाबा," ती म्हणाली.